दुसऱ्या हाताची तपासणी

प्रिय घाईबाई,

या नावाने तुला हाक मारायचा हक्क मला अजून आहे का, ते हे पत्र संपेपर्यंत ठरेल. तोवर वापरून घेते. तुझी तीन पत्रं आली, तिन्ही माझ्या वाढदिवसाच्या आसपास, आणि एकाचंही उत्तर माझ्याकडून गेलं नाही. ती टेबलाच्या खणात तारखेप्रमाणे लावून ठेवली आहेत. तू म्हणशील, पत्रं तीन आणि त्यांचीही रांग लावतेस! लावते. उत्तरं मात्र पाच-सहा लिहिली आणि फाडली. एकात शेवटी 'कामाच्या गडबडीत राहून गेलं' असं लिहिलं होतं, ते खोटं होतं म्हणून फाडलं. दुसऱ्यात सगळं खरं होतं, म्हणून फाडलं.

आज रविवार. दुपारची वेळ आहे, घरमालकीणबाई मुलीकडे गेल्या आहेत आणि खोलीत माझ्याशिवाय आवाज करणारा फक्त पंखा आहे. आधी बातमी सांगते, कारण तुला धीर नसतो, तू शेवटचं पान आधी उलटशील. तुझं वर्तुळ खरं होतं. तुझ्या त्या मातीतल्या जिवाणूने सव्वातीन वर्षांपूर्वी जे औषध तयार केलं ते त्याने स्वतः केलं होतं. तू चुकली नव्हतीस. हे मी चार निरनिराळ्या तऱ्हांनी तपासलं आहे, आणि मला तू ओळखतेस; चारदा ओढून बघितल्याशिवाय मी दाराला कुलूप लागलंय असंही म्हणत नाही.

आता पहिल्यापासून लिहिते. यातलं निम्मं तुला पाठ आहे, तरी लिहिते. तुझ्या पहिल्या पत्रात होतं की बाबांनी मशीन थांबवून, तोंडातली टाचणी काढून विचारलं, 'पण पोरी, तुझं नेमकं चुकलं तरी काय?' आणि तुला त्यांना समजावता आलं नाही, तू नुसती 'प्रयोग फसला' म्हणालीस. ते वाक्य मी फार वेळा वाचलं. म्हणून हे पत्र त्यांना कळेल असं लिहिते आहे. त्यांना वाचून दाखव. ते शिंपी आहेत, कपडा उलटा करून शिवण बघणारे. त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळेल.

बाबा, मातीला जो ओला वास येतो तो मातीचा नसतो, तिच्यात राहणाऱ्या जिवाणूंचा असतो. हे जिवाणू दिसायला बुरशीसारखे, वर पावडर धरणारे. जगायला आणि वाढायला लागतं तेवढं सगळेच करतात. पण हे त्याखेरीज आणखी काही काही करतात: वास, रंग, आणि शेजारच्या जंतूंना मारणारं औषध. त्यांच्या वाढीला हे लागत नाही, म्हणून आमच्याकडे अशा पदार्थांना दुय्यम म्हणतात. नाव दुय्यम, पण आपण खातो त्यातल्या कितीतरी गोळ्या मुळात तिथूनच आल्या. अडचण अशी की यांच्या अंगात वीस-पंचवीस पदार्थांच्या कृती लिहिलेल्या असतात आणि प्रयोगशाळेत पोटभर खायला मिळालं की ते त्यातल्या दोन-तीनच करून दाखवतात. बाकीची पानं कोणी उघडतच नाही. ती उघडावीत म्हणून एक उपाय आहे. या जिवाणूंना मारणारं एक तांबडं औषध त्यांच्या थिजणाऱ्या खाद्याच्या बशीत, म्हणजे प्लेटमध्ये, कालवायचं आणि त्यावर कोट्यवधी बीजाणू पसरायचे. जवळजवळ सगळे मरतात. पाच-सात जगतात, कारण त्यांच्यात आपसूक एका अक्षराचा बदल झालेला असतो. आणि तो बदल असतो नेमका कृती वाचणाऱ्या यंत्रात. यंत्र बदललं की कधी कधी ते न उघडलेलं पानही वाचायला लागतं.

तुझी माती बसस्थानकामागच्या भिंतीलगतची होती. तू ती जेवणाच्या डब्याच्या झाकणात घालून आणलीस, कारण नमुन्याच्या पिशव्या घ्यायला विसरली होतीस, आणि त्या दिवशी मी दोन वेळा विचारलं की झाकण धुतलं होतंस का. 'नाही गं, चाटलं होतं,' म्हणालीस. त्याच मातीतून निघालेल्या एका मुकाट जिवाणूचे बीजाणू तू तांबड्या प्लेटवर पसरलेस, सहा जगले, आणि त्यातला चौथा साध्या प्लेटवर नेलास. मग त्या प्लेटमधून पेन्सिलीच्या बुडाएवढी चकती कापून रोगजंतूच्या प्लेटवर ठेवलीस. सकाळी चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ होतं. आत एकही जंतू नाही. तू प्लेट हातात धरून बाथरूमच्या दारावर थापा मारत होतीस, 'शंकाबाई, बाहेर ये, बाहेर ये, उगवलं!' मावशींनी फरशी पुसता पुसता विचारलं, 'काय उगवलं?' तू म्हणालीस, 'काही नाही उगवलं मावशी, तेच तर!' मावशी अजून ते सांगून हसतात. आणि मग विचारतात, 'तुमची ती दुसरी हल्ली कुठं असते?' मी म्हणते, पाणी तपासणीच्या कार्यालयात. तेवढंच मला तुझ्या पत्रांतून माहीत आहे.

पुढे आला आपल्याकडचा दुसऱ्या हाताचा नियम. बाबांना सांग, आमच्या मॅडम कुणाच्याही एकट्याच्या वर्तुळावर विश्वास ठेवत नाहीत. नमुना नुसता आकडा घालून ट्रेमध्ये ठेवायचा. मॅडम तो दुसऱ्या कुणाला तरी देतात. घेणाऱ्याने कुणाचा आहे हे जाणायचं नाही, देणाऱ्याने कुणाकडे गेला हे विचारायचं नाही. दुसऱ्या हाताने तो एकदा साध्या प्लेटवर फिरवायचा, म्हणजे पसरून वाढवायचा, सगळाच्या सगळा, आणि त्याच प्लेटमधून चकती कापून बघायची. नियम चांगला आहे, मला अजूनही चांगला वाटतो. तुझी ट्यूब गेली त्यानंतर अठरा दिवस आपण रोज चहाला बसत होतो आणि रोज तू विचारत होतीस, 'कोण असेल गं? दाढी असला तर मेलेच मी.' मी म्हणायचे, 'वाट बघ.'

दुसऱ्या हाताचं उत्तर आलं: वर्तुळ नाही. खाली एक ओळ होती, 'पहिलं वर्तुळ निवडीच्या प्लेटवरून सोबत आलेल्या तांबड्या औषधामुळे पडलं असावं.' म्हणजे बाबा, तुमच्या मुलीने जे औषध घालून जिवाणू निवडला तेच औषध त्याच्या अंगाला लागून पुढच्या प्लेटवर आलं आणि त्यानेच जंतू मारले, जिवाणूने काही केलंच नाही, असा त्याचा अर्थ. होतं असं, नवख्यांकडून पुष्कळदा होतं. मूळ उत्तरात 'असावं' होतं. सोमवारच्या बैठकीत मॅडमच्या तोंडून ते 'आहे' झालं, आणि दाढीने, म्हणजे बाबा, आमच्यातल्या सगळ्यांची टिंगल करणाऱ्या सहकाऱ्याने, ते उचललं. 'मॅडम, हिने विहिरीत बादलीभर पाणी ओतलं आणि विहिरीला पाणी लागलं म्हणून गावभर ओरडत आली.' सगळे हसले. मॅडमसुद्धा हसल्या, हात तोंडावर घेऊन. तू टेबलावरचं पेनचं टोपण काढत होतीस आणि लावत होतीस. तुझ्या दुसऱ्या पत्रात तू लिहिलंस, 'त्या खोलीत तू एकटीच हसली नाहीस. ते मी विसरणार नाही.' घाईबाई, ते वाक्य वाचल्यावर मी पत्र पालथं घालून ठेवलं होतं.

दोन महिन्यांनी तू गेलीस. खण रिकामा करायला तुला दहा मिनिटं लागली, मला ते बघायला फार वेळ लागला. खोकं मी फाटकापर्यंत उचलून आणलं. तू म्हणालीस, 'तू तरी माझ्यावर शंका घेऊ नकोस.' मी म्हणाले, 'नाही गं.' रिक्षा वळल्यावर मी परत आले आणि तुझ्या टेबलावरची धूळ पुसली, कारण दुसरं काय करावं ते कळेना.

तेव्हापासूनचं सांगण्यासारखं थोडंच आहे. कँटीनमध्ये मी त्याच टेबलाशी बसते. रोज कुणीतरी येऊन विचारतं, 'ही खुर्ची रिकामी आहे ना?' आणि उचलून नेतं. रोज वेगळं माणूस असतं, पण प्रश्न तोच, आणि मी रोज मान हलवते. लोक माझ्याशी नीट वागतात. माझ्या कामाला चांगलं म्हणतात. 'हिने तपासलंय म्हणजे झालं' असं म्हणून सही करतात. माझ्याबरोबर चहाला कुणी येत नाही. आले तर कपाची कड पुसून घेतात, मी बघते आहे असं त्यांना वाटतं. मी बघत नसते. निदान दर वेळी नसते.

माझं पहिलं शिक्षण घरात झालं हे तुला माहीत आहे. अण्णांची जमीनमोजणीची नोकरी, दर सहा-आठ महिन्यांनी नवं गाव, म्हणून अकराव्या वर्षापर्यंत आई हीच शाळा आणि स्वयंपाकघरातलं टेबल हाच वर्ग. विद्यार्थी दोन, दादा आणि मी. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, पण त्याची गणिताची वही अण्णा मला तपासायला द्यायचे. चूक सापडली की ते हातातला घास थांबवून म्हणायचे, 'हिच्या नजरेतून काही सुटत नाही.' सगळं बरोबर असलं की कुणी काही बोलायचं नाही, जेवण पुढे चालू. दादा मला फौजदार म्हणायचा. त्याने पट्टीने आखलेली रेघ मी दुसऱ्या पट्टीने मोजायचे. एकदा आई म्हणाली, 'अगं, त्याचं बरोबर आलं तर तेही सांगावं.' मी मनापासून विचारलं, 'बरोबर आलं तर त्यात सांगायचं काय?' आई हसली आणि कणीक मळायला लागली. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आता का आठवलं ते पुढे कळेल.

गेल्या महिन्यात मोठा फ्रीझर बंद पडला. उणे ऐंशीवरचा उणे वीसवर आला आणि सगळ्यांची पळापळ. नोटीस लागली की आपापले डबे ओळखून दुसऱ्या फ्रीझरमध्ये हलवा, बेवारशी डबे संध्याकाळपर्यंत नष्ट होतील. बेवारशांत तुझा एक होता. झाकणावर तू काढलेलं बेडकाचं चित्र, त्याच्या पायांना सहा-सहा बोटं. आत दोनच ट्यूब, दोन्हींवर एकच तारीख, तुझं वर्तुळ दिसलं त्याच्या आदल्या आठवड्याची. म्हणजे कुणाच्याही हाती जाण्याआधीचा, तू तांबड्या प्लेटवरून पहिल्यांदा उचलून जपून ठेवलेला तो चौथा. मी तो डबा फेकणार होते. नियमच तसा होता. पण फेकण्याआधी आतलं जिवंत आहे का बघावं म्हणून एक ट्यूब उघडली, आणि थेंबभर साध्या प्लेटवर पसरलं.

पाच दिवसांनी एकाहत्तर ठिपके उगवले. आम्ही त्यांना कॉलनी म्हणतो. बाबा, एकाच बियाणाचे ते, पण दिसायला दोन तऱ्हांचे होते. काही मोठे, गोल, पांढरेशुभ्र, वर छान पावडर धरलेले. बाकीचे लहान, करडे, सुरकुतलेले, खाली तपकिरी डाग पाडणारे, वाळलेल्या चघळलेल्या कागदासारखे. प्रयोगशाळेत कुणालाही विचारा, उचलायचा तो गोल पांढराच. स्वच्छ दिसतो, पटकन वाढतो, त्यात भेसळ नाही असं वाटतं. माझा हात त्याच्याकडेच गेला. मग मी हात मागे घेतला. का घेतला ते सांगता येणार नाही. मला फक्त एवढं वाटलं की या वेळी निवडायचंच नाही. मी एकाहत्तरच्या एकाहत्तर तपासले.

आणि या वेळी मी आणखी एक गोष्ट केली, जी तेव्हाच व्हायला हवी होती. शेजारच्या प्रयोगशाळेत एक रोगजंतू आहे, तांबड्या औषधाला मुळीच दाद न देणारा. त्याच्या प्लेटवर वर्तुळ पडलं तर ते तांबड्या औषधाने पडणं शक्यच नाही. तेव्हाही तो जंतू तिथेच होता, तीस पावलांवर. मागायला कुणी गेलं नाही, कारण तिथल्या बाई जरा खेकसतात. या वेळी मी गेले. दाराशी तीनदा घसा खाकरला. त्या म्हणाल्या, 'एवढंच ना? घेऊन जा की. मला वाटलं माझ्यावर तक्रार आणलीस.'

एकाहत्तरपैकी सेहेचाळीसांनी वर्तुळ पाडलं. न पाडणारे पंचवीस, ते सगळे मोठे, गोल, पांढरे. एकही अपवाद नाही. औषध करायला ताकद लागते, बाबा. जो करतो तो खुरटा राहतो. त्यांच्यातल्या काहींच्या अंगातून ती कृती आपोआप गळून पडते आणि ते मोकळे होऊन भराभर वाढतात, देखणे होतात. एका प्लेटवरून सगळं मिळून उचललं तर औषध करणारे सोबत येतात. पण जर कुणी देखणा ठिपका निवडून तो नव्या प्लेटवर नेला, तर पुढे जे काही वाढेल ते सगळं पांढरं आणि निरुपयोगी. वर्तुळ कुठून येणार? तुझ्या ट्यूबमधलं औषध खोटं नव्हतं. ते दुसऱ्या हाताने निवडून निवडून काढून टाकलं. नियम एकदाच फिरवण्याचा होता, सगळाच्या सगळा. दुसऱ्या हाताने तीनदा फिरवला, आणि दर वेळी सर्वांत स्वच्छ ठिपका उचलून. पहिल्या प्लेटमधून चकती कापलीच नाही. आणि उत्तरात 'तीनदा' हा शब्द लिहिला नाही.

हे मला कसं माहीत, हा प्रश्न तुला आतापर्यंत पडला असेल. तू घाईची आहेस, बावळट नाहीस.

तो हात माझा होता. ट्यूब माझ्याकडे आली. आकडा मॅडमनी लिहायचा असतो, पण त्या दिवशी त्या बाहेरगावी होत्या आणि तू घाईघाईने स्वतःच लिहून ट्यूब ट्रेमध्ये ठेवलीस; परत आल्यावर त्यांनी ती तशीच मला दिली. एकशे चौदा. तुझा चार उलट्या ठेवलेल्या खुर्चीसारखा असतो, तो मी अंधारात ओळखेन. त्याच क्षणी ट्यूब परत करून मॅडमना सांगायला हवं होतं की मला कळलं आहे कुणाची आहे, दुसऱ्या कुणाला द्या. मी ठेवून घेतली. मला भीती वाटली की मैत्रीण म्हणून मी तुला झुकतं माप देईन. मग त्या भीतीने मी मुद्दाम कडक झाले. एकदा फिरवून भागलं असतं तिथे म्हटलं, आणखी एकदा, म्हणजे कुणी बोट ठेवायला नको. मग आणखी एकदा. परक्याची ट्यूब असती तर पहिल्याच प्लेटमधून चकती कापली असती, सेहेचाळीसाला पंचवीस असं माप पडलं असतं आणि तू आज इथे असतीस. चहाच्या टेबलाशी तू 'कोण असेल गं' विचारत होतीस तेव्हा तिसरी प्लेट वाढत होती. आणि मी बैठकीत हसले नाही ते तुझ्या बाजूने नव्हे. हसणार कशी होते? ती ओळ माझी होती. पुढे माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण मी खोट्या वर्तुळांवर लिहिलं, त्यात मुख्य उदाहरण तुझंच आहे, आकडा घालून, नाव न घालता. सगळ्यांत जास्त कौतुक त्याच प्रकरणाचं झालं.

मंगळवारी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ एकाहत्तर चकत्यांचे फोटो बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, 'किती जणांना सांगितलंस?' मी म्हटलं, तुम्हालाच. दुसरा प्रश्न, 'तुझं तिसरं प्रकरण गेलं, कळतंय ना?' म्हटलं, कळतंय. 'मागे पडशील. वर्षभर तरी.' म्हटलं, हो. मग त्यांनी फोटो जुळवून ठेवले. नंतर म्हणाल्या, 'तिच्यावर मीही हसले होते गं,' आणि चष्मा पुन्हा लावला. त्या तुला परत बोलावणार आहेत. जिवाणू तुझ्या नावावर, वर्तुळ तुझ्या नावावर, आणि आलीस तर पुढचं कामही तुझं. औषध कोणतं आहे ते अजून कुणालाच माहीत नाही. जुनंच निघेल, किंवा नवं असेल. ते शोधायचं काम आता तुझं. प्रबंधातलं प्रकरण मी परत मागितलं आहे, कोऱ्या कागदापासून लिहायला.

आता हे पत्र आजच का, ते. मॅडमचं पत्र उद्या निघेल. त्यांनी मला मसुदा दाखवला. त्यात लिहिलं आहे की 'दुसऱ्या तपासनीसाकडून पद्धतीची चूक झाली' आणि 'जुने नमुने पुन्हा तपासताना' खरं काय ते उघडकीला आलं. पुन्हा तपासणारी म्हणून माझं नाव आहे. चूक करणारी म्हणून नाही. दुसऱ्या हाताचं नाव कधी सांगायचं नाही हा नियमच आहे, मॅडम म्हणाल्या, आणि तुझ्या बाबतीत मोडायचं कारण नाही. म्हणजे ते पत्र तसंच पोचलं असतं तर तू ते वाचलं असतंस, बाबांना वाचून दाखवलं असतंस, आणि मग मला चौथं पत्र लिहिलं असतंस. माझे आभार मानणारं. 'तू हसली नव्हतीस आणि तूच शेवटी शोधून काढलंस,' असं काहीतरी. मी पाच दिवस ते न आलेलं पत्र मनात वाचते आहे. मला ते यायला हवं आहे, घाईबाई, इतकं हवं आहे की मंगळवारी रात्रीपासून मी गप्प राहायची कारणं शोधत होते आणि चांगली चांगली सापडत होती. म्हणून हे आजच, पेटीत टाकून येते, मॅडमच्या पत्राच्या एक दिवस पुढे. सोबत माझ्या नोंदवहीच्या त्या तीन पानांच्या प्रती आहेत, तारखांसकट. हव्या त्याला दाखव. दाढीलाही दाखव, त्याने विहिरीचं पुढचं काहीतरी म्हणायला हवं. एक ट्यूब शिल्लक आहे, न उघडलेली. ती मी नव्या फ्रीझरच्या सर्वांत वरच्या कप्प्यात तुझ्या नावाने ठेवली आहे, तिला हात लावणार नाही. ती तू उघड, आणि कोणता ठिपका उचलायचा ते तुझ्या नजरेने ठरव. तू कोणत्या दिवशी येणार ते मला नाही कळवलंस तरी चालेल, मावशींना कळव. त्या दिवशी मी रजा घेईन.

नको असले तरी तुझीच,
शंकाबाई